लीफरोल-३ चा एलायझा किट: पॉझिटिव्ह आला तर माना, निगेटिव्ह आला तर उलटतपासणी करा

द्राक्षवेलीतला लीफरोल विषाणू-३ पकडण्यासाठी ९६ खळग्यांच्या प्लेटवर चालणारा डीएएस-एलायझा किट (दोन अँटिबॉडींमध्ये विषाणू पकडून रंगाने दाखवणारी चाचणी) अनेक कंपन्या विकतात. लेबलं वेगळी असली तरी आतला माल जवळपास सारखाच असतो: प्लेटला चिकटवायची अँटिबॉडी, अल्कलाइन फॉस्फटेज जोडलेली दुसरी अँटिबॉडी म्हणजे कॉन्ज्युगेट, तुलनेसाठी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे बाधित आणि निरोगी नमुन्याच्या कुप्या आणि कमी-अधिक बफर. पद्धत क्लार्क आणि ॲडम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेलीच. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नाही, या जातीच्या किटचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. फळ देणाऱ्या बागेत, मण्यात पाणी उतरल्यावर, कोणती झाडं काढायची याचा नकाशा करायला यापेक्षा सोयीची चाचणी नाही. पण मातृवेल (जिच्या काड्यांपासून रोपं करतात ती वेल), खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग) किंवा रोपवाटिकेतलं नवं रोप ‘विषाणूमुक्त’ ठरवायला एकट्या या किटच्या भरवशावर राहू नये. या दोन कामांत गल्लत झाली की पैसे खर्चूनही रोग बागेत शिरतो.

डोळ्यांनी दिसतंच की, मग किट कशाला?

काळ्या जातीत बऱ्याच अंशी दिसतं, हे खरं. हंगामाच्या उत्तरार्धात काडीच्या बुडाकडची जुनी पानं आधी लाल-जांभळी होतात, शिरा हिरव्याच राहतात आणि पानाच्या कडा खालच्या बाजूला वळतात. सरावलेला माणूस ओळीतून चालत गेला तर अशी झाडं सहज टिपतो. पांढऱ्या जातीत मात्र हलका पिवळेपणा आणि थोडं वळण यापलीकडे काही नसतं, कधी तेवढंही नाही. अमेरिकी जातींच्या खुंटांवर तर बहुधा काहीच लक्षण येत नाही. विषाणू आत असतो आणि कलमाबरोबर गुपचूप पुढे जातो.

शिवाय लाल पान म्हणजे विषाणूच, असंही नाही. पालाश किंवा मॅग्नेशियमची कमतरता, कोळ्यांनी खाल्लेली पानं, तारेने आवळलेला ओलांडा (खोडापासून तारेवर नेलेली आडवी फांदी), खोडावरची गाठ, एवढंच काय, मोडून लोंबकळणारी काडी, या सगळ्यांत पान लाल होतं. मोडलेल्या काडीत लाली त्या एका काडीपुरती राहते, विषाणूत ती हळूहळू अख्ख्या झाडावर येते. हा फरक बांधावरच पाहून घेतला तर प्लेटमधले चार-सहा खळगे वाचतात.

लाल डाग, म्हणजे रेड ब्लॉच, हाही लीफरोलचा तोतया. त्यात शिरासुद्धा लाल होतात आणि पान सहसा वळत नाही. हा जेमिनीव्हिरिडी कुळातला डीएनए विषाणू आहे आणि लीफरोलचा किट त्याला कितीही वेळा लावला तरी निगेटिव्हच येणार. त्यासाठी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणीच हवी.

खरा खेळ देठात आहे

किटबद्दलच्या निम्म्या तक्रारी किटच्या नसतात, नमुन्याच्या असतात. लीफरोल-३ हा अन्नवाहिन्यांपुरता मर्यादित राहणारा विषाणू आहे. पानाच्या पातळ भागात तो फारसा सापडत नाही, देठात आणि सालीखालच्या हिरव्या थरात सापडतो. झाडभर तो सारखा पसरलेलाही नसतो: एका ओलांड्यावर भरपूर आणि दुसऱ्यावर जवळपास शून्य, असं सर्रास दिसतं. म्हणून एका झाडाच्या एका पानावरून निर्णय घेणं म्हणजे निम्मं झाड न तपासणं.

चालणारी रीत अशी. मण्यात पाणी उतरल्यापासून पानं गळेपर्यंत काडीच्या बुडाकडची, पूर्ण पक्व पानं घ्यायची. दोन्ही ओलांड्यांवरून आणि खोडाच्या दोन्ही अंगांनी मिळून निदान चार पानं. पातं काढून टाकायचं, देठ ठेवायचा. शेंड्याकडची कोवळी पानं दिसायला स्वच्छ असतात, दळायलाही सोपी जातात, म्हणून नवखा माणूस तीच तोडतो आणि प्लेट निगेटिव्ह निघते. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेले नमुनेही असाच दगा देतात, कारण तेव्हा विषाणूचं प्रमाण कमी असतं.

पानं गळून गेली असतील तर पक्व काडीच्या बुडाकडचे १५ सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत, तेही तीन-चार ठिकाणचे. वरची तपकिरी साल खरवडून टाकायची आणि तिच्या खालचा ओलसर हिरवट थर नेमका खरवडून घ्यायचा. ब्लेड आत लाकडात गेलं की वजन भरतं, विषाणू मात्र येत नाही. हे खरवडण कंटाळवाणं काम आहे. एका माणसाने सलग केलं तर शेवटच्या नमुन्यांत लाकूड जास्त येऊ लागतं, म्हणून आलटून पालटून करावं.

फॅनलीफ या द्राक्षाच्या दुसऱ्या विषाणूचा किट बरोबर घेतला असेल तर वेळापत्रक उलटं लागतं. तो वसंतातल्या कोवळ्या पानांत चांगला सापडतो आणि उन्हाचा कडाका वाढला की त्याचं प्रमाण उतरतं. दोन्ही विषाणू एकाच खेपेत उरकू पाहणाऱ्याला दोघांपैकी एकाचं उत्तर खोटं मिळतं.

नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत, थंड पेटीत न्यावेत आणि ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत. गाडीच्या डिकीत दुपारभर शिजलेली पानं तपासू नयेत, टाकून द्यावीत.

दळण आणि बफर

द्राक्षाचा रस हा एलायझासाठी अवघड माल. त्यात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर. दळल्यावर काही मिनिटांत अर्क चहासारखा तपकिरी होऊ लागला तर समजावं की बफर कमी पडलं. साध्या फॉस्फेट बफरमध्ये द्राक्ष दळू नये. ट्रिसवर आधारलेलं, सुमारे ८.२ सामूचं, २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल बांधून ठेवणारं द्रव्य) आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) असलेलं बफर हवं. किटमध्ये ‘सर्वसाधारण’ बफर येत असेल तर द्राक्षाचं वेगळं मागून घ्यावं. बटाट्याला चालणाऱ्या बफरवर द्राक्ष ढकलून दिलेले किट बाजारात आहेत, आणि या मुद्द्यावर त्यांचे गुण सरळ कापावेत.

प्रमाण १:१०. अर्धा ग्रॅम देठाला ५ मिलिलिटर बफर. देठ आधी ब्लेडने बारीक चिरायचे, मग जाळीच्या पिशवीत टाकून रोलरने चेचायचे. द्रवरूप नायट्रोजन आणि खलबत्ता असेल तर दळण छान होतं, पण प्रत्येक नमुन्यामागे खल धुवावा लागतो आणि तिथेच एका नमुन्याचा रस दुसऱ्यात मिसळतो. नमुने शेकड्यात असतील तर पिशव्याच बऱ्या. अर्क निवळू द्यावा किंवा थोडा फिरवून गाळ खाली बसवावा. गाळाचे कण खळग्यात गेले की धुण्यात निघत नाहीत आणि रंग वाढवून दाखवतात.

बऱ्याच बफरांत टिकवण्यासाठी सोडियम ॲझाइड असतं. ते विषारी आहे, आणि तांबं किंवा शिसं असलेल्या नळांतून वारंवार ओतलं तर आत स्फोटक संयुगं साचू शकतात. मोरीत ओतायचं नाही, वेगळं जमवायचं. कॉन्ज्युगेट अल्कलाइन फॉस्फटेजऐवजी पेरॉक्सिडेज या एन्झाइमचं असेल तर ॲझाइडने ते एन्झाइमच बंद पडतं. तेव्हा एका कंपनीचं बफर आणि दुसऱ्या कंपनीचं कॉन्ज्युगेट, असं जुळवाजुळवीचं काम करण्याआधी दोन्ही लेबलं वाचावीत.

प्लेटवर

चिकटवायची अँटिबॉडी ९.६ सामूच्या कार्बोनेट बफरमध्ये लेबलवर दिल्याप्रमाणे पातळ करायची. प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर म्हणजे प्लेटला ९.६ मिलिलिटर लागतात. १० मिलिलिटर करावं. लेबल १:२०० म्हणत असेल तर त्यात ५० मायक्रोलिटर अँटिबॉडी, १:१००० म्हणत असेल तर १०. हा फरक किरकोळ वाटतो, पण किटची खरी किंमत इथेच ठरते: दोन किट एकाच भावाचे असले तरी एकातून पाचपट प्लेटा निघू शकतात. खरेदी करताना कुपीचा आकार बघू नये, ‘किती खळग्यांसाठी’ ते बघावं.

अँटिबॉडी घालून काही तास उबेत किंवा रात्रभर ४ अंशांवर. मग धुणं, मग नमुना रात्रभर ४ अंशांवर, पुन्हा धुणं, मग कॉन्ज्युगेट, आणि शेवटी रंगद्रव्य. नमुन्याचा टप्पा दोन तासांत आटोपण्याची सूट किटबरोबरची काही पत्रकं देतात. द्राक्षासाठी ती घेऊ नये. विषाणू मुळात थोडा असतो, रात्रभर दिला तर काठावरचे नमुने वर येतात.

धुणं हा कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. निदान तीन वेळा, नमुन्यानंतर जास्त वेळा, प्रत्येक वेळी खळगे काठोकाठ भरून आणि उलटी प्लेट टिपकागदावर जोरात आपटून. शेवटच्या आपटण्यात कंजूषी केली तर खळग्यात राहिलेलं कॉन्ज्युगेट निरोगी नमुन्यालाही पिवळा करतं. उलट धुऊन झालेली प्लेट कोरडी पडू देणंही वाईट.

कडेच्या खळग्यांतून पाणी लवकर उडतं आणि तिथले आकडे मधल्यांपेक्षा वेगळे येतात. झाकण असलेल्या डब्यात ओला कागद घालून त्यात प्लेट ठेवली की हा त्रास बराच मिटतो. प्लेटांची चळत इन्क्युबेटरमध्ये ठेवू नये, मधली प्लेट उशिरा तापते. शक्य असेल तर कडेचे खळगे कंट्रोलना देऊ नयेत. कंट्रोलच चुकला तर सगळी प्लेट चुकली.

रंगद्रव्य म्हणजे पीएनपीपी, कॉन्ज्युगेटच्या एन्झाइमने पिवळं होणारं द्रव्य, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या १० मिलिलिटर डायइथेनॉलअमाइन बफरमध्ये, सामू ९.८, ऐन वेळी विरघळवून. गोळी टाकल्यावर द्रावण आधीच पिवळं दिसलं तर ती खराब झाली आहे. गोळीला बोट लावू नये, हातावरच्या एन्झाइमनेही रंग येतो. प्लेट अंधारात ठेवून रंगाची गडदता आकड्यात मोजणाऱ्या यंत्रात ४०५ नॅनोमीटरवर ३०, ६० आणि १२० मिनिटांनी वाचावी. तीन वेळा वाचण्याचा फायदा असा की खरा पॉझिटिव्ह वेळेबरोबर सरळ चढत जातो आणि गाळामुळे फुगलेला आकडा जवळपास तिथेच राहतो. एकदाच वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही.

आकडा कसा वाचावा

बफरचे दोन खळगे, निरोगी झाडाचे चार, पॉझिटिव्हचे दोन, असे आठ गेले की ८८ उरतात. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घातला तर एका प्लेटवर ४४ नमुने बसतात. काही पत्रकं एकच खळगा वापरायला सांगून प्लेटची क्षमता फुगवून दाखवतात. दोन खळगे सोडू नयेत. एक पिवळा आणि शेजारचा कोरा आला तर तो नमुना फेरतपासणीला जातो, एवढंच तर त्या दुसऱ्या खळग्याचं काम आहे.

किटबरोबर येणारा निगेटिव्ह कंट्रोल बहुतेक वेळा सुकवलेली भुकटी असतो. त्याची पार्श्वभूमी तुमच्या जातीच्या देठासारखी असेलच असं नाही. काडीच्या खरवडणाला देठाचा निगेटिव्ह लावणं तर आणखी चुकीचं. पीसीआरने तपासून खात्री केलेलं एखादं निरोगी झाड हाताशी ठेवावं आणि त्याचाच, त्याच अवयवाचा नमुना प्रत्येक प्लेटवर घालावा. किटमध्ये ही सूचना ठळक असायला हवी. बऱ्याच पत्रकांत ती नसतेच.

कोणत्या आकड्यापुढे पॉझिटिव्ह म्हणायचं ती सीमारेषा ठरवण्याच्या दोन रूढ रीती आहेत आणि दोन्हींत खोच आहे. समजा निरोगी झाडाचे चार आकडे ०.०७०, ०.०७५, ०.०७५ आणि ०.०८० आले. सरासरी ०.०७५. ‘सरासरीच्या दुप्पट’ म्हटलं तर रेषा ०.१५० वर. ‘सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं’ म्हटलं तर ती ०.०८७ वर येते, कारण चारच खळग्यांत फरक फार कमी दिसला. या दुसऱ्या रेषेने अर्धी बाग आजारी ठरू शकते. विचलनाची रीत वापरायची तर निरोगी नमुने जास्त हवेत आणि वेगवेगळ्या झाडांचे हवेत. व्यवहारात ०.१५० च्या खाली निगेटिव्ह, तिपटीच्या म्हणजे ०.२२५ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं सगळं ‘पुन्हा बघू’, अशी तीन खात्यांची पद्धत बरी. मधल्या खात्यातले नमुने पीसीआरला पाठवावेत. निव्वळ डोळ्यांनी पिवळेपणा बघून निकाल देऊ नये.

किटला काय दिसत नाही

लीफरोल-३ ची अँटिबॉडी लीफरोल-१, -२ किंवा -४ ला ओळखत नाही. पानं वळलेली, रंग चढलेला आणि किट निगेटिव्ह, अशी जोडी आली तर पहिला संशय नमुन्यावर आणि दुसरा या भावंडांवर घ्यावा. खोड खडबडीत करणाऱ्या जीव्हीए, जीव्हीबी (द्राक्षाचे विषाणू ए आणि बी) यांचाही इथे संबंध नाही. युरोपीय संघाच्या प्रमाणित लागवड साहित्याच्या नियमांत फॅनलीफ, अरेबिस मोझॅक, लीफरोल-१, लीफरोल-३ आणि खुंटांसाठी फ्लेक, एवढ्या विषाणूंची दखल आहे. रोपवाटिकेला एकच किट घेऊन भागत नाही ते यासाठी.

नुकती लागण झालेलं झाडही निसटतं. पिठ्या ढेकणाने विषाणू आणून सोडला त्या हंगामात झाड बहुधा ना लक्षण दाखवतं, ना एलायझात येतं. म्हणून पॉझिटिव्ह झाड काढताना ओळीतली दोन्ही बाजूंची दोन-दोन झाडं निगेटिव्ह आली तरी पुढच्या हंगामात पुन्हा तपासावीत. कात्री निर्जंतुक करत बसण्याचा मात्र उपयोग नाही. हा विषाणू छाटणीने पसरत नाही, कलमाने आणि पिठ्या ढेकूण व खवले किडींमुळे पसरतो. काढलेल्या झाडाची जाड मुळं जमिनीत राहिली तर त्यांवर ढेकूण जगतात आणि मुळांतून फूट आली तर विषाणूही, हे जास्त महत्त्वाचं.

पाच झाडांचे देठ एकत्र करून एक नमुना करण्याची शिफारस काही पत्रकं करतात. अर्धा ग्रॅममध्ये प्रत्येकी ०.१ ग्रॅम म्हणजे त्या एका बाधित झाडाचा रस १:१० ऐवजी १:५० झाला. हंगामाच्या अखेरीस, लागण जुनी असेल तर चालतं. लवकरच्या नमुन्यांत किंवा काडीच्या खरवडणात चालत नाही. बागेत लागण आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर आधी हिशोब करावा: १ टक्का झाडं बाधित असताना त्यांतलं निदान एक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी तर सहजगत्या निवडलेली सुमारे ३०० झाडं लागतात, ५ टक्के बाधित असतील तर ५९. तीनशे नमुने म्हणजे दोन खळग्यांच्या हिशोबाने सात प्लेटा. आणि हा हिशोब चाचणी कधीच चुकत नाही असं धरून आहे.

इतर पर्यायांशी तुलना

बागेत उभ्याने वापरायच्या पट्ट्या झटपट उत्तर देतात. पण विषाणू भरपूर असलेल्या झाडांपलीकडे त्यांची नजर जात नाही, आणि प्रति नमुना त्या एलायझापेक्षा महाग पडतात. लक्षणं दिसणाऱ्या दोन-चार झाडांची खातरजमा करायला ठीक. लॅम्प चाचणी, म्हणजे एकाच तापमानावर विषाणूचा जनुकीय अंश वाढवून दाखवणारी चाचणी, ६० ते ६५ अंशांवर तासाभरात होते आणि संवेदनशीलही आहे. फक्त झालेली नळी उघडली की हवेतून पुढच्या सगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह होऊ लागतात. नळी न उघडता रंग दाखवणारा प्रकारच घ्यावा.

आरटी-पीसीआरची (लीफरोलसारख्या आरएनए विषाणूंसाठीच्या पीसीआरची) सेवा घेताना मात्र नुसता ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ असा कागद स्वीकारू नये. अहवालात सीटी आकडा (विषाणू जितका जास्त तितका हा कमी) हवा आणि झाडाच्या स्वतःच्या जनुकाचा अंतर्गत कंट्रोल, उदाहरणार्थ १८एस, चालला की नाही ते हवं. तो चालला नसेल तर निगेटिव्हला काही अर्थ नाही, अर्कातच आरएनए नव्हता किंवा पॉलिफेनॉलने एन्झाइम अडवलं. शंका असेल तर प्रयोगशाळेला आरएनए १:१० पातळ करून पुन्हा चालवायला सांगावं. अडथळा नसेल तर सीटी सुमारे ३.३ ने वाढतो. तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर आधीच्या निकालात अडथळा होता. प्रायमर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश हेरणारे छोटे तुकडे, कोणत्या भागावर बेतलेले आहेत आणि कधीचे आहेत, हेही विचारावं. लीफरोल-३ चे एकमेकांपासून बरेच दूर गेलेले गट आहेत आणि जुने प्रायमर त्यांतले काही हुकवतात. हे प्रश्न विचारल्यावर वैतागणारी प्रयोगशाळा टाळावी.

मातृवेलीसाठी याच्याही पुढे जाऊन सगळ्या विषाणूंचं एकत्र अनुक्रमण, म्हणजे नमुन्यातला सगळा जनुकीय मजकूर वाचणं, करता येतं. ते जवळजवळ सगळं दाखवतं, आणि तीच त्याची अडचण: रुपेस्ट्रिस स्टेम पिटिंगसारखे जगभर पसरलेले, बहुतेक वेळा निरुपद्रवी विषाणूही यादीत येतात आणि मालक घाबरतो. अहवाल वाचून दाखवणारा माणूस सेवेत धरलेला आहे का, ते आधी ठरवून घ्यावं. काबर्ने फ्रांक या लक्षणं ठळक दाखवणाऱ्या काळ्या जातीवर कलम करून डोळा भरून लक्षणं बघण्याची जुनी रीत दोन-तीन हंगाम घेते. तेवढा वेळ फक्त मूळ साठा सांभाळणाऱ्यांकडेच असतो.

किट घेताना शेवटचं बघायचं ते मुदतीचं. कॉन्ज्युगेट लेबलवर दिलेल्या तापमानालाच ठेवावं. ४ अंशांचं कॉन्ज्युगेट बर्फाच्या कप्प्यात गेलं की एन्झाइम मरतं आणि बाहेरून काही कळत नाही. कळतं ते पॉझिटिव्ह कंट्रोलवरून. प्रत्येक प्लेटचा कंट्रोल-आकडा वहीत लिहीत गेलं तर तासाभराचा आकडा प्लेटागणिक उतरताना दिसतो, आणि मुदत शिल्लक असली तरी ती कुपी बदलावी लागते.